बघायचं की उडवायचं? 'नासाज आइज' आणि 'कर्बल'

'नासाज आइज ऑन द सोलर सिस्टिम' हे सूर्यमाला आणि अंतराळयानं पडद्यावर दाखवणारं नासाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. तारीख 25 ऑगस्ट 1989 लावली की व्हॉयेजर 2 हे यान नेपच्यूनला खेटून जाताना दिसतं. जागा, वेग, अंतर सगळं खऱ्या मोहिमेचं. शाळेच्या 35 मिनिटांच्या तासाला हेच बरं. पण यात विद्यार्थी प्रेक्षकच राहतो. माझा भाचा शनीची कडी चार वेळा गरागरा फिरवून म्हणाला, "मामा, पुढे काय?"

'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेट उडवायचा संगणक खेळ विकत घ्यावा लागतो, लॅपटॉपही दमदार हवा. ग्रह काल्पनिक. त्यातल्या 'कर्बिन' या पृथ्वीसारख्या ग्रहाची त्रिज्या 600 किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहून कमीच. खरी सूर्यमाला शिकायला हा खेळ कुचकामी, हे आधीच सांगतो. पण इथे रॉकेट स्वतः जोडायचं असतं. भाच्याने टप्प्यांचा (कोणता भाग कधी सुरू व्हायचा त्याचा) क्रम चुकवला आणि उड्डाणाच्या बटणाबरोबर पॅराशूटच उघडलं! पुढची तीन रॉकेटं सरळ वर गेली आणि तशीच खाली आली. चौथं त्याने हळूहळू आडवं कलवलं, तेव्हा कुठे कक्षा जमली. उंची नव्हे, आडवा वेग लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

नंतर मंगळयानाची गोष्ट निघाली. नोव्हेंबर 2013 मध्ये ते पृथ्वीभोवतीच का फिरत होतं, असं मी विचारलं. "जवळ आलं की इंजिन पेटवायचं, म्हणजे पलीकडची बाजू लांब जाते," तो जेवता जेवता म्हणाला, आणि ताटातल्या पोळीवर बोटाने लंबवर्तुळ काढून दाखवलं.