नेटलोगो: एजंट सोपे, संभाव्यता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा

साथीचा फैलाव, वणवा, रहदारी, बाजारातली घासाघीस अशा गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे एजंट-आधारित मॉडेल (म्हणजे प्रत्येक घटकाला, एजंटला, स्वतःचे नियम देऊन संगणकावर चालवलेली नक्कल) करायचे असेल, तर पहिली पसंती नेटलोगोलाच द्यावी. उरी विलेन्स्की यांनी 1999 साली तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या केंद्रात आजही त्यावर काम चालू आहे. मात्र एक इशारा आधीच देऊन ठेवावा लागेल. इथे एजंट उभे करणे इतके सोपे आहे की संभाव्यतेतली चूक पडद्यावरच्या सुंदर हालचालीखाली झाकली जाते. मॉडेल चुकीचे असले तरी ते चालते, आणि छान दिसतेही.

रचना चार गोष्टींवर उभी आहे: फिरणारे टर्टल, जमिनीचे चौकोन म्हणजे पॅच, दोन टर्टलना जोडणारी लिंक आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा ऑब्झर्व्हर. सेटअप आणि गो अशा दोन प्रोसिजर, दोन बटणे, एक स्लायडर, एक आलेख. एवढ्यात चालते मॉडेल तयार होते. सोबत येणारे मॉडेल्सचे ग्रंथालय हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा ठेवा आहे. त्यातले लांडगे-मेंढ्यांचे मॉडेल आणि जंगलातल्या आगीचे मॉडेल ओळीओळीने वाचले, तर स्वतंत्र शिकवणीची गरज क्वचितच पडते.

आगीच्या मॉडेलकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. झाडांची घनता ठरवायची आणि डाव्या कडेला आग लावायची, एवढेच त्यात आहे. आग लागल्यावर पुढे कुठेही नशिबाचा भाग नाही. शेजारच्या चार पॅचवर झाड असेल तर ते पेटतेच. रँडमपणा फक्त झाडे लावताना येतो. आणि तरीही घनता 59 टक्क्यांच्या आसपास असताना एकदा आग पलीकडच्या कडेपर्यंत जाते, एकदा मध्येच विझते. चार शेजाऱ्यांच्या चौकोनी जाळीत हा उंबरठा 59.27 टक्क्यांच्या जवळ आहे. शिवाय प्रत्येक पॅचवर स्वतंत्रपणे फासा टाकला जात असल्याने स्लायडर 59 वर असला तरी प्रत्यक्ष घनता तंतोतंत 59 येत नाही. 251 गुणिले 251 पॅचच्या जगात तिचे प्रमाण विचलन साधारण 0.2 टक्के भरते. उंबरठ्यापाशी तेवढा फरक बराच महत्त्वाचा ठरू शकतो. म्हणून अशा ठिकाणी एका रनवरून काही बोलू नये आणि नुसती सरासरीही सांगू नये. शंभर रनपैकी किती वेळा आग पार गेली, ते सांगावे.

आता चुका कुठे होतात ते पाहू. सर्वांत साधी चूक म्हणजे ‘रँडम 1’. हा आदेश पूर्णांक देतो, तोही 1 पेक्षा लहान, म्हणजे दरवेळी शून्यच. 30 टक्के शक्यता म्हणून ‘रँडम 1’ 0.3 पेक्षा लहान आहे का अशी अट घातली, तर अट प्रत्येक वेळी खरी ठरते. इथे ‘रँडम-फ्लोट 1’ हवे. एररचा संदेश येत नाही, त्यामुळे ही चूक दीर्घकाळ लपून राहते.

दुसरी चूक टिकच्या, म्हणजे मॉडेलमधल्या काळाच्या एका पावलाच्या, लांबीची. दिवसाला 0.3 अशी संसर्गाची शक्यता असेल आणि टिक तासाचा करायचा असेल, तर 0.3 ला 24 ने भागून चालत नाही. तसे केले की 0.0125 मिळते आणि दिवसभराची शक्यता 0.26 वर घसरते. बरोबर सूत्र असे: 1 वजा 0.7 चे 24 वे मूळ. उत्तर सुमारे 0.0148. फरक किरकोळ वाटतो, पण तो प्रत्येक टिकला, प्रत्येक एजंटच्या बाबतीत साचत जातो.

तिसरी चूक सर्वांत अवघड. ‘आस्क’ हा आदेश एजंटांना दरवेळी नव्या रँडम क्रमाने बोलावतो, हे उत्तमच. पण एकाचे काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. सगळ्या टर्टलना बोलावून आत ‘बाधित असशील तर शेजाऱ्याला बाधित कर’ असे लिहिले, तर याच टिकमध्ये बाधित झालेला टर्टल पाळी आल्यावर लगेच तिसऱ्याला बाधित करतो. एका टिकमध्ये साथ कितीतरी घरे पुढे पळते. त्याऐवजी ‘विथ’ वापरून आधीपासून बाधित असलेल्यांचाच गट बोलवावा, कारण तो गट सुरुवातीलाच ठरतो. त्याहून पक्का उपाय दोन फेऱ्यांचा: पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपली पुढची अवस्था वेगळ्या चलात लिहायची, दुसऱ्या फेरीत सर्वांनी ती स्वीकारायची.

बिहेवियरस्पेस हे प्रयोग चालवण्याचे अंगभूत साधन, आणि नेटलोगो निवडण्याचे निम्मे कारण तेच. घनता 40 ते 80, एकेकाच्या टप्प्याने, प्रत्येकी 100 पुनरावृत्ती, म्हणजे 4,100 रन. हा पल्ला [40 1 80] असा आतल्या चौकोनी कंसात लिहायचा असतो. तो कंस विसरलात, तर 40, 1 आणि 80 अशा तीनच किमती घेतल्या जातात. सेटअपमध्ये रँडम-सीडला, म्हणजे रँडम आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्याला, बिहेवियरस्पेसचा रन क्रमांक द्यावा. मग एखादा विचित्र रन पुन्हा जसाच्या तसा चालवून पाहता येतो. व्ह्यू आणि आलेखांचे अपडेट बंद करावे. निकाल स्प्रेडशीटऐवजी टेबल स्वरूपात घ्यावेत, कारण स्प्रेडशीट सगळे काही शेवटपर्यंत मेमरीत धरून ठेवते आणि मोठा प्रयोग मेमरीअभावी मध्येच कोसळू शकतो. अनेक रन वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालतात, पण एकच रन अनेक कोअरवर वाटला जात नाही. एजंट लाखांत गेले की हे जाणवते. तिथे ‘इन-रेडियस’ ऐवजी शेजारच्या पॅचवरचे टर्टल शोधावेत. तेवढ्यानेही वेग बराच सुधारतो.

खरी उणीव वेगळीच आहे. निरीक्षणांवरून पॅरामीटर काढण्याची, म्हणजे बेजियन अनुमानाची सोय आत नाही. त्यासाठी पायथन भाषेतून पायनेटलोगो किंवा आर भाषेतून एनएलआरएक्स हे पॅकेज जोडावे लागते. मॉडेलची लायकलीहूड, म्हणजे दिलेल्या पॅरामीटरवर ही निरीक्षणे मिळण्याची शक्यता, सूत्रात लिहिता येत नाही, म्हणून सहसा अप्रॉक्सिमेट बेजियन कॉम्प्युटेशनचा मार्ग घेतात. प्रायरमधून, म्हणजे पॅरामीटरबद्दलच्या आधीच्या अंदाजातून, 10,000 संच काढायचे, प्रत्येकाने मॉडेल चालवायचे, आणि साथीचा उच्चांक, तो गाठण्याचा दिवस, एकूण बाधित अशा मोजक्या आकड्यांवर खऱ्या माहितीच्या सर्वांत जवळचे 100 ठेवायचे. प्रत्येक आकड्याला त्याच्या प्रमाण विचलनाने भागायला विसरू नये. नाहीतर हजारांत मोजलेले एकूण बाधित उच्चांक गाठण्याच्या दिवसाला पार गिळून टाकतात. मॉडेल एकदाच लोड करावे. प्रत्येक संचासाठी जावा (नेटलोगो ज्यावर चालते ती यंत्रणा) नव्याने सुरू केली, तर वेळेचा मोठा भाग त्यातच जातो.

सगळे काम आधीच पायथनमध्ये असेल तर मेसा ही पायथनमधली एजंट-मॉडेलची लायब्ररी हा रास्त पर्याय आहे. तिसऱ्या आवृत्तीत एजंटांची पाळी ठरवणाऱ्या जुन्या शेड्यूलरची जागा एजंटसेटने (एजंटांच्या गटाने) घेतली, त्यामुळे जुन्या शिकवण्यांतला कोड चालत नाही. आणि तिथे ‘डू’ एजंटांना ठरलेल्या क्रमानेच चालवते. नेटलोगोसारखा बदलता क्रम हवा असेल तर ‘शफल-डू’ स्वतःहून लिहावे लागते.