नव्या गॅस विहिरीची चाचणी: जाळून की जोडून?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडे गप्पांत तेल-गॅसच्या विहिरींचा विषय निघतोच. 1958 साली लुणेजला लागलेली खंभात खोऱ्यातली पहिली विहीर इथून फार लांब नाही.

विहीर खोदून झाली, मुख्य पाइपलाइन अजून जोडायची आहे. गॅस किती मिळेल, किती काळ, हे पाहायचं कसं?

जुनी पद्धत जाळण्याची. गॅस चोकमधून (प्रवाह आवरणाऱ्या अरुंद तोंडातून) सेपरेटरमध्ये येतो, पाणी आणि कंडेन्सेट (गॅससोबत येणारं हलकं द्रव तेल) वेगळं होतं, उरलेला गॅस मोजून फ्लेअरवर जाळतात. चोकचं माप बदलत प्रवाह आणि दाब नोंदवतात, मग विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहतात. खरी माहिती मला या बंद काळातच दिसते: खडकातून गॅस किती सहज वाहतो, ड्रिलिंगने विहिरीभोवतीचा थर किती बुजलाय, कधीकधी साठ्याची हद्दसुद्धा. आणि त्या तासांत काहीच जळत नाही!

दुसरी पद्धत तात्पुरती लाइन टाकून जवळच्या संकलन केंद्रात गॅस नेण्याची. तो वाया जात नाही, चाचणी आठवडेही चालते. मात्र लाइनच्या दाबामुळे विहीर पूर्ण उघडता येत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड निघाला तर लाइन गंजते.

ओळखीच्या गॅसक्षेत्रात मी जोडणीच निवडेन. अनोळखी जागी आधी थोडा वेळ फ्लेअर. न जाळता हवेत सोडणं मात्र कधीच नको. या गॅसचा मुख्य घटक मिथेन, आणि वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता धरतो.