आधी वजन उतरवायचं, की चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं एकदमच?

पहिला मार्ग सरळ आहे: जेवण बरंच कमी, रोज तासभर चालणं. काटा भराभर खाली येतो, हुरूप वाढतो. पण प्रथिनं तोकडी पडली आणि वजनाचा व्यायाम नसला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

दुसऱ्यात रोजच्या गरजेपेक्षा फक्त 300-400 कॅलरी कमी, आठवड्यातून 3 दिवस दंड, बैठका, डंबेल, आणि शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं. 70 किलोच्या माणसाला 112 ग्रॅम! शाकाहारी घरात खरी अडचण इथेच. वाटीभर वरणातून जेमतेम 7-8 ग्रॅम मिळतात. 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून मात्र 25 च्या आसपास. मटकीची उसळ, पनीर, दही जोडलं की गाडी पुढे सरकते. अंडी खाणाऱ्यांचं सोपं.

या मार्गात कधी कधी काटा महिनाभर फारसा हलत नाही आणि माणूस खचतो. म्हणून दर पंधरवड्याला उपाशीपोटी टेपने कंबर मोजा, किती दंड निघाले ते वहीत लिहा. नवख्यांसाठी माझा कौल निःसंशय दुसऱ्याला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.