जुना कीबोर्ड घेताय? आधी तो बंद करून वाजवा

घरी बसून चाली बांधायला, पार्श्वसंगीत करायला कुणी जुना, 88 पट्ट्यांचा वेटेड, म्हणजे पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, कीबोर्ड शोधत असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. मूळचे पेटीवाले असाल तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचा. माझे 24,000 रुपये ज्या माणसाने घेतले त्याने दारातच विचारलं होतं, "ताई, पेटी वाजवता का?" तेव्हा तो साधा चौकशीचा प्रश्न वाटला.

मी एकांकिकांना आणि बालनाट्यांना संगीत देते. घरी 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड होता, आतमध्ये स्प्रिंगवाला. तानपुरा, स्ट्रिंग्ज, पॅड वगैरेसाठी तो ठीक आहे. पियानोचा तुकडा वाजवायला घेतला की सगळे स्वर एकाच आवाजात येतात, कारण स्प्रिंगच्या पट्टीला बोटाखाली वजनच नसतं. हळू किती आणि जोरात किती हे बोटाला कळत नाही. मग लॅपटॉपवर एकेका स्वराचा जोर माऊसने खालीवर करत बसायचं. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की हातोडी उडते. हॅमर ॲक्शनच्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीला तशीच वजनाची दांडी असते, बहुतेकांत खालच्या स्वरांकडे जड आणि वरच्या स्वरांकडे हलकी. मला हवी होती ती ही.

नवा परवडत नव्हता. जुन्या बाजारात आपल्याकडे जे फिरतात ते साधारण ठरलेले: यामाहाचा 2015 चा पी-45, रोलँडचा 2019 चा एफपी-10, कॅसिओचे पीएक्स-160 आणि सीडीपी-एस100. हे सगळे खरोखर हॅमर ॲक्शनचे आहेत. पण जाहिरातीत "वेटेड" हा शब्द कुणीही कशालाही चिकटवतो. यामाहाच्या 61 पट्ट्यांच्या पीएसआर मालिकेतल्या कीबोर्डाखालीही तो वाचलाय. त्यातले बरेच टच सेन्सिटिव्ह असतात, म्हणजे जोरात दाबलं तर मोठा आवाज येतो, पण पट्टी स्प्रिंगवरच असते. टच सेन्सिटिव्ह आणि वेटेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. "सेमी-वेटेड" म्हणजे स्प्रिंगच, थोडी कडक. मी घेतलेल्या कीबोर्डाची कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. दोष त्यांचा नव्हता.

ठाण्यात घोडबंदर रोडवरचा फ्लॅट होता. जाहिरातीतली कहाणी अशी की मुलगी शिकायला परदेशी गेली, कीबोर्ड नुसता पडून आहे, चांगल्या हातात जावा. काका पन्नाशीचे, बोलणं गोड, चहा आधीच गॅसवर. कीबोर्ड हॉलमध्ये वांगी रंगाच्या पडद्यासमोर स्टँडवर लावून ठेवलेला, आम्ही पोचण्याआधीच चालू. आवाज त्याच्या स्वतःच्या स्पीकरमधून येत नव्हता. शेजारी एक मोठा ॲक्टिव्ह स्पीकर होता, त्यातून. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, भरपूर; स्वर लांबवणारं सस्टेन पेडल जोडलेलं. आधी त्यांच्या भाच्याने पेडल दाबून दोन-तीन गाणी वाजवली. खोली भरून गेली.

मग मी बसले. पट्ट्या जड लागल्या, आवाज न करता खाली जात होत्या, वर येताना अडकत नव्हत्या. काका म्हणाले, "पेटीची सवय आहे ना, सुरुवातीला जड वाटेल. महिनाभरात हात बसतो." 28,000 सांगितले होते, 24,000 ला सोडला.

आता त्या प्रश्नाकडे येते. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पट्टी हळू दाबा की आपटा, सूर तितकाच लागतो. लहानपणापासून पेटीवर बसलेला हात पट्टीकडून जोराच्या फरकाची अपेक्षाच करत नाही. आणि जवळपास प्रत्येक डिजिटल पियानोत एक सेटिंग असतं, "फिक्स्ड टच". ते लावलं की कसंही वाजवा, आवाज एकसारखा. ऑर्गनसारखे आवाज वाजवायला ते दिलेलं असतं, आणि ते असण्यात काही गैर नाही. पण पट्ट्यांखालचे विजेचे संपर्क बिघडलेला कीबोर्ड विकायचा असेल तर यासारखी सोय नाही. पियानो शिकलेली व्यक्ती समोर बसली असती तर दहाव्या स्वराला तिने हात थांबवला असता. काकांनी गिऱ्हाईक कोण आहे ते दारातच विचारून घेतलं होतं.

हे फिक्स्ड टच नक्की काय झाकतं ते समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते, तिच्या आत काळे, वीज वाहणारे ठिपके. पट्टी खाली जाताना दोन संपर्क एकापाठोपाठ एक जुळतात. पीएक्स-160 किंवा एफपी-10 मध्ये तीन असतात. दोन संपर्कांमध्ये किती वेळ गेला यावरून यंत्र तुमचा जोर मोजतं: कमी वेळ म्हणजे जोरात, जास्त वेळ म्हणजे हळू. धूळ, ओल किंवा सांडलेल्या चहाचा चिकटपणा एका संपर्कावर बसला की हा हिशेब चुकतो. मग पट्टी एकतर वाजतच नाही, नाहीतर हळुवार दाबूनही तोफेसारखी उडते. फिक्स्ड टचमध्ये जोर मोजलेला वापरायचाच नसल्याने उडणारी पट्टी ओळखू येत नाही.

घरी आणून मी तो लॅपटॉपला जोडला. एका एकांकिकेत आई रात्री एकटी बसलेली असते, त्या प्रसंगाखाली अगदी पुटपुटल्यासारखे चार स्वर हवे होते. ते पुटपुटेनात. फंक्शनचं बटण दाबून वरच्या टोकाच्या पट्ट्यांमधून सेटिंग बदलत गेले आणि टच "मीडियम"वर आणला. आणि मग मधल्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, कानाखाली वाजवल्यासारखी ओरडली. शेजारची पांढरी पाच तितक्याच हलक्या बोटाने नीट वाजली. मिडी मॉनिटर, म्हणजे कीबोर्डाकडून लॅपटॉपला येणारे संकेत दाखवणारं ॲप, उघडून आकडे बघितले. मिडीत जोर 1 ते 127 असा मोजला जातो. पांढरी पाच 34, पांढरी चार 127. पुन्हा दाबली, 127. काळी दोन कधी 41, कधी 127, कधी काहीच नाही. खालची दोन सप्तकं त्याहून वाईट.

फोन केला तर काका शांत. "नेताना चांगला होता ना, ताई? तुम्हीच तर वाजवून बघितलात." दुसऱ्यांदा: "लॅपटॉपला जोडल्यामुळे गेला असेल, त्याला काय करणार आम्ही?" यूएसबीने लॅपटॉपला जोडल्यावर पट्टीखालच्या रबरावर ओल चढत नाही, पण हे कुणाला सांगणार. त्यानंतर त्यांचा फोटो व्हॉट्सॲपवरून दिसेनासा झाला आणि माझ्या मेसेजवर एकच बरोबरची खूण राहू लागली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला कीबोर्ड दुरुस्त करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उलटा केला आणि उघडायच्या आधीच म्हणाले, "हा उघडलेला आहे." तळाच्या स्क्रूंच्या खाचा चमकत होत्या, दोन-तीन स्क्रू तर वेगळ्याच लांबीचे. पट्ट्या काढल्यावर संपर्काच्या हिरव्या बोर्डावर तपकिरी कड दिसली, फरशीवर पाणी वाळून राहिलेल्या डागासारखी, खालच्या सप्तकापासून मध्यापर्यंत पसरलेली. तिथल्या तांब्याला हिरवट बुरशीसारखं काही धरलेलं. पण मला जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. हातोडीची दांडी जिथे येऊन टेकते तिथे मूळचा नमदा, म्हणजे फेल्टचा जाड थर, असायला हवा. तो काढून तिथे फोमची टेप लावली होती. दारा-खिडक्यांच्या फटींना हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, करड्या रंगाची, मागे चिकट. दादांनी नखाने दाबून दाखवली. दबली ती दबलेलीच राहिली. "नवीन असताना ही नमद्यापेक्षा गप्प बसते," ते म्हणाले, "पंधरा दिवस."

म्हणजे पट्ट्यांचा तो मऊ, बिनआवाजाचा स्पर्श मुद्दाम तयार केलेला होता. जुन्या नमद्याची खटखट ऐकू येऊ नये म्हणून.

दुरुस्ती होते का, तर होते. नुसती धूळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसून काम भागतं, रबरं नवी घालता येतात. बोर्डच सडला असेल तर दुसरा बोर्ड मिळाला तर, नाहीतर नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या वाद्यांना हा आजार लवकर लागतो, त्यामुळे स्वस्त दिसला म्हणून समुद्राजवळचा कीबोर्ड न उघडता घेणं धोक्याचं. ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत फिरलेल्या कीबोर्डाच्या पट्ट्या सैल असतात, पण मला विचाराल तर तो सौदा बरा. तिथला दोष निदान दिसतो आणि विकणारा तो लपवत नाही.

आता बघायला जाल तेव्हा काय करायचं. पोचल्याबरोबर कीबोर्ड बंद करायला सांगा आणि बंद असतानाच सगळ्या पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवा. आवाज नसला की बोटाला कळायला लागतं: कुठली पट्टी उशिरा वर येते, कुठली टणकन आपटते, कुठली लोण्यासारखी बसते. सगळ्या सारख्या खटखटत असतील तर घाबरू नका, हॅमर ॲक्शनला थोडा ठोका असतोच. एखादं सप्तक बाकीच्यांपेक्षा वेगळं लागलं तर विचारा. डोळा पट्ट्यांच्या पातळीत आणून एका बाजूने बघा, ओळ वाकडी आहे का. कीबोर्ड उलटा करून स्क्रू बघा. यात लाजण्यासारखं काही नाही, गाडी घेताना बॉनेट उघडतोच की आपण. ॲडाप्टर मूळचा आहे का, व्होल्ट तळाला लिहिल्याइतकेच आहेत का, तेही बघा.

मग चालू करा. बाहेरचा स्पीकर काढायला लावा, रिव्हर्ब शून्य, पेडल बाजूला. टच कशावर आहे ते स्वतः तपासा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, जायच्या आधी फोनमध्ये उतरवून ठेवा. एकेक पट्टी जमेल तितकी हळू दाबा. निरोगी कीबोर्डावर फार हळू दाबलं की स्वर अगदी बारीक येतो किंवा येतच नाही. जी पट्टी अचानक ओरडेल ती आजारी. काळ्या पट्ट्या आणि खालचं टोक सोडू नका, कारण दाखवणारा नेहमी मधे वाजवतो. शिवाय काही जण कमी वापरातल्या टोकाची चांगली रबरं काढून मधे बसवतात आणि मधली झिजलेली टोकाला ढकलतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आकडे. प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल आणि फोनसाठी ओटीजी जोडणी बरोबर न्या. फुकटचं कुठलंही मिडी मॉनिटर ॲप चालतं. सगळे स्वर हलक्या हाताने वाजवा आणि जोराचे आकडे बघा. 30-40 च्या गर्दीत मधेच 127 उगवला, किंवा प्रत्येक पट्टीला तोच एक आकडा आला, तर चहा पिऊन निघून या.

पैशाचं बोलायचं तर काकांनी यूपीआय "भावाच्या खात्यावर" घ्यायला लावलं होतं, बिल नव्हतं. सामान न बघताच टोकन पाठवा म्हणणारे, लष्करातून बदली झाली म्हणणारे, "हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुम्हाला पैसे येतील" म्हणणारे, यांच्याबद्दल बरंच लिहून झालंय: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, आणि गेलेच तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. माझं प्रकरण त्यात बसत नव्हतं, कारण वस्तू माझ्या हातात होती. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे मिळालं: जुन्या मालाचा वाद आहे, आपसात बघा.

ते उत्तर बदललं एका पडद्यामुळे. मी जाहिराती चाळत राहिले आणि तोच वांगी पडदा, तोच स्टँड, शेजारी तोच स्पीकर दिसला. कीबोर्ड दुसरा, नाव दुसरं, कहाणी बदलीची. मग आणखी एक, त्यात मुलाची दहावी. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे जुनं 420 आणि जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318, लागायला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दिसावा लागतो. एकदाच विकलेल्या घरगुती वस्तूत तो दाखवणं कठीण. एकाच पडद्यासमोर तीन कहाण्या असतील तर सोपं. ग्राहक कायद्याचंही तसंच आहे: आपल्या घरातलं एखादं सामान विकणारा हा व्यापारी नसतो, पण सतत विकत घेऊन, रंगरंगोटी करून विकणारा व्यापारीच. याची चौकशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर करता येते.

जाहिरातींचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा यूपीआय क्रमांक, दादांनी लिहून दिलेला अहवाल आणि उघड्या बोर्डाचे फोटो लावून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. चौकशी चालू आहे. ठाणे शहराच्या बाजूला या वर्णनाच्या घरातून कुणी कीबोर्ड घेतला असेल तर जाहिरात काढून टाकली जायच्या आत तिचा स्क्रीनशॉट घ्या, पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघून ठेवा, आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज करा. दुरुस्तीला द्यायच्या आधी उघड्या बोर्डाचे फोटो मात्र काढून घ्या. एकदा पुसला की त्या तपकिरी कडेचा पुरावा राहत नाही.