आठ महिने, 11,400 किलोमीटर: रेंजचं खरं गणित मधल्या सत्तर टक्क्यांत

इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन आठ महिने झाले. भेटेल तो पहिल्यांदा एकच विचारतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" सुरुवातीला मी आकडा सांगून मोकळा व्हायचो. आता उलट विचारतो, "कुठे निघालात आणि किती वेगानं?" लोकांना वाटतं, हा उत्तर टाळतोय.

बॅटरी 75 युनिटची आहे. किलोवॅट-तास म्हणजे घरच्या मीटरवर मोजतात तेच युनिट, त्यामुळे हिशेब सोपा जातो. डब्ल्यूएलटीपी, म्हणजे रेंज मोजण्याची प्रयोगशाळेतली प्रमाणित चाचणी, तिचा दावा 480 किलोमीटरचा. तो खोटा म्हणणार नाही. गावातल्या गावात मला 100 किलोमीटरला 15 युनिट लागतात, म्हणजे दाव्यापेक्षा थोडं जास्तच. पण ती चाचणी अर्ध्या तासाची, 23 किलोमीटरची आणि सरासरी वेग साधारण 46. हायवेवर कोण तसं चालवतं? ताशी 100 ने गेलो की साडेअठरा युनिट लागतात, रेंज 400 च्या आसपास. 120 ने गेलो की 23 च्या वर, आणि रेंज सरळ 320. वेग 20 ने वाढला तर हवेचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो, आणि एसयूव्हीचं तोंड आधीच रुंद. पहिल्या लांबच्या प्रवासात टक्के भराभर उतरायला लागले तेव्हा मागून मुलगी म्हणाली, "बाबा, त्या ट्रकच्या मागे जरा हळू चला ना." ट्रकला चिकटून जाणं मूर्खपणा आहे, ते केलं नाही. पण वेग 90 वर आणला आणि चार्जरवर पोहोचलो तेव्हा 11 टक्के शिल्लक होते.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. घरून 100 टक्क्यांनी निघून 10 वर थांबायचं म्हटलं, तर पहिला टप्पा 100 च्या वेगानं साडेतीनशेच्या पुढे जातो. दुसऱ्या टप्प्यापासून गाडी 10 ते 80 या पट्ट्यातच चालते, कारण 80 नंतर चार्जिंगचा वेग पार झोपतो. म्हणजे हातात सत्तर टक्के, फार तर 280 किलोमीटर. माझ्यासाठी ही 480 ची गाडी नाहीच, 280 ची आहे. घेण्याआधी हे कुणी सांगितलं असतं तर पहिल्या महिन्यातली चिडचिड वाचली असती.

120 किलोवॅटच्या चार्जरवर 10 ते 80 ला मला 38 ते 40 मिनिटं लागतात. चहा, हातपाय मोकळे करणं, एखादा फोन, झालं. एकदा हौसेनं 100 पर्यंत थांबलो, तर शेवटच्या वीस टक्क्यांनी जवळपास तेवढाच वेळ खाल्ला. आणि चार्जरवरच्या पाटीचा आकडा म्हणजे गाडीला मिळणारी वीज नव्हे. दोन गनचा, म्हणजे दोन गाड्यांना लावता येणारा, चार्जर असेल आणि शेजारी दुसरी गाडी लागली, की बऱ्याच ठिकाणी वीज वाटून जाते. माझा 110 चा आकडा एकदा डोळ्यांदेखत 58 वर आला. शेजारच्या गृहस्थांचा काही दोष नव्हता, तरी मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं हे कबूल करतो.

बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. हिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट लागत नाही. आठवड्यातून एकदा 100 टक्के करा, असं पुस्तिकेत लिहिलंय. मी तीन आठवडे आळस केला आणि एका संध्याकाळी 17 वरून आकडा एकदम 11 वर बसला. तेव्हापासून रविवारची रात्र पूर्ण चार्जची.

बाकी दिवस घरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर. 30 ते 80 ला सहा तासांच्या आत काम होतं, आपण झोपेत असतो. बॅटरीत 37 युनिट गेली तर मीटरवर 41 दिसतात, मधली उष्णतेत जातात. चार्जर बसेपर्यंत साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर भागवलं, तर पंधरा दिवसांत सॉकेट तपकिरी पडला. तासन् तास पूर्ण भार ओढायला जुनं वायरिंग नसतं. वायरमनला बोलावून स्वतंत्र लाइन ओढून घ्या, इथे काटकसर नको.

एसीची भीती अकारण होती. केबिन एकदा गार झाली की ताशी एक-दीड युनिट, तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी दोन टक्के. कडाक्याच्या थंडीतला हीटर जास्त खातो. शिवाय गारठलेली बॅटरी चार्जही हळू घेते. त्यामुळे निघण्याआधी, प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करून घेतो.

घाटात पहिल्यांदा घाबरलो होतो. सहाशे मीटरच्या चढणीत सपाट रस्त्यापेक्षा सहा टक्के जास्त गेले, उतरताना मोटरच गाडीला रोखत वीज बनवते, त्यामुळे ब्रेकला फारसा पाय न लावता साडेतीन परत आले. फक्त माथ्यावर मुक्काम असेल तर तिथे 100 टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

एक तक्रार राहिलीच. चार्जिंगचं तोंड मागच्या डाव्या अंगाला आहे आणि बऱ्याच चार्जरच्या केबल आखूड. आठ महिने झाले, अजूनही प्रत्येक ठिकाणी रिव्हर्स घेताना दोन खेपा होतातच.