जावाचा बाइटबफर: बाइटसाठी भरवशाचा, बिटसाठी अपुरा

जावामध्ये बायनरी फाइल किंवा नेटवर्क प्रोटोकॉल हाताळणाऱ्याला बाइटबफर (बाइट क्रमाने लिहिण्या-वाचण्याचा साठा) हा क्लास टाळता येत नाही, आणि माझ्या मते तो टाळूही नये. २००२ मध्ये जावा १.४ सोबत आलेल्या या क्लासचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची शिस्त. चार बाइटचा इंटिजर लिहायचा असताना तीनच बाइटची जागा उरली असेल, तर तो अर्धवट काहीही न लिहिता ओव्हरफ्लोचे, म्हणजे जागा अपुरी पडल्याचे, एक्सेप्शन फेकतो. ठरावीक इंडेक्सवर लिहिण्याची सोयही उत्तम आहे: हेडरमध्ये लांबीसाठी जागा सोडून पुढचा डेटा लिहावा आणि लांबी कळली की ती मागे भरावी, ती भरताना पोझिशन, म्हणजे पुढचा बाइट जिथे लिहिला जाईल ती जागा, हलत नाही.

बाइटच्या क्रमाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. मूळ क्रम बिग-एंडियन (मोठ्या मूल्याचा बाइट आधी) असल्याने हेक्समधील (सोळा-आधारित) १२३४५६७८ ही संख्या १२, ३४, ५६, ७८ अशी उतरते. लिटल-एंडियन निवडल्यास ती ७८, ५६, ३४, १२ अशी उलटते. पण ही निवड त्याच बफरवरून स्लाइस (एक भाग) किंवा डुप्लिकेट (प्रतिरूप) करून घेतलेल्या नव्या बफरला लागू होत नाही. तो मुकाट्याने पुन्हा बिग-एंडियन होतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे नमूद असले, तरी मला ते पटत नाही.

खरी उणीव आहे ती बिटच्या पातळीवर. एमपी३ फ्रेमच्या हेडरमध्ये आधी ११ बिट, सगळे १. मग एमपेग आवृत्तीचे २, लेयरचे २ आणि सीआरसी (चूक ओळखण्याची तपासणी-संख्या) आहे की नाही हे सांगणारा १ बिट येतो. एमपेग-१, लेयर ३ आणि सीआरसी नसलेल्या फ्रेममध्ये यातून एफएफ, एफबी हे दोन बाइट तयार होतात. 'हे ११ बिट लिही' असे सांगण्यासाठी बाइटबफरकडे मेथडच नाही. त्यामुळे एका लाँग व्हेरिएबलमध्ये बिट जमवायचे, आठ झाले की बाइट बफरमध्ये टाकायचा आणि शेवटी उरलेले बिट शून्यांनी भरून बफरमध्ये टाकायचे (फ्लश करायचे), हे सारे आपल्यालाच लिहावे लागते. त्यात प्रत्येक मूल्य आधी मास्क करणे (नको असलेले वरचे बिट शून्य करणे) अत्यावश्यक आहे, कारण जावातील बाइट साइन्ड (धन-ऋण चिन्हासह) असतो आणि ऋण मूल्याचे वरचे १ आधी जमवलेल्या बिटांवर चढतात. शिवाय जेपेगमध्ये बिट वरच्या टोकाकडून भरतात, तर डिफ्लेट या कॉम्प्रेशन पद्धतीत खालच्या टोकाकडून. म्हणून एकच घरचा बिट-रायटर दोन्हीकडे चालत नाही.