जेम्स ब्राऊनची 'अपोलो'वाली रेकॉर्ड घ्यावी का?

भावांनो, अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनची 'लाइव्ह ॲट द अपोलो' ही एलपी, म्हणजे मोठी तबकडी, ऑनलाइन मागवली, नवीन छापाची, २७०० ला पडली. आधीच सांगतो, फंक, म्हणजे त्याचं ते ठेक्यावर नाचवणारं संगीत, ऐकायचं म्हणून घेणार असाल तर ही घेऊ नका. फंक यात नाहीच, ते पुढं आलं. ही सोलची, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या आर्त गाण्याची रेकॉर्ड आहे, पण एक माणूस स्टेजवरनं पब्लिकला कसा खेळवतो ते ऐकायचं असेल तर विषय हार्ड!

२४ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात हा शो रेकॉर्ड झाला. ब्राऊनच्या रेकॉर्ड कंपनीचा, किंग रेकॉर्ड्सचा मालक सिड नेथन तयारच नव्हता, गाणी सगळी जुनीच, वर लाइव्ह, कोण घेणार असं त्याचं म्हणणं. मग ब्राऊननं स्वतःच्या खिशातले ५७०० डॉलर घातले. १९६३ ला रेकॉर्ड बाहेर आली, बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या पॉप अल्बमच्या यादीत २ नंबरपर्यंत गेली आणि ६६ आठवडे यादीत राहिली. बसा म्हणावं आता.

गडी आला कुठनं बघा. साऊथ कॅरोलायनात १९३३ चा जन्म, घरात खायची वानवा, जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात नातेवाइकांकडं वाढला, बूटपॉलिश केलं, सोळाव्या वर्षी चोरीत आत गेला. सुटताना बॉबी बर्ड या गायकाच्या घरच्यांनी हात दिला आणि त्याच बॉबीच्या ग्रुपमधनं पुढं १९५६ चं 'प्लीज, प्लीज, प्लीज' आलं.

आता ऐकायचं काय, तर 'लॉस्ट समवन'. दहा मिनिटांच्या वर चालतंय. बँड मागं एकच चाल धरून बसलाय आणि हा बाबा कधी कुजबुजतोय, कधी किंचाळतोय, मध्येच गप्प होतोय, की समोरनं बायका ओरडायला लागतात, मग परत खाली आणतो, खासबागेत पैलवान डाव धरून ठेवतो आणि अख्खं मैदान श्वास रोखतं तसं. आणि नेमकं रंगात आलं की बाजू संपते! गाणं दोन बाजूंत तोडलंय, उठून रेकॉर्ड उलटायची. पहिल्यांदा जाम वैताग आला, पण मूळ एलपीच तशी होती त्यामुळं तक्रार करून उपयोग नाही. सगळं मिळून जेमतेम अर्धा तास, पैशाच्या मानानं कमी वाटेल.

फंकच पाहिजे तर १९६७ चं 'कोल्ड स्वेट' लावा. आमचे काका तबला वाजवायचे, देवल क्लबच्या मैफिलींना जाणारे, त्यांना मोबाईलवर ऐकवलं तर शब्द एक कळला नाही पण दुसऱ्या मिनिटाला मांडीवर बरोबर पहिल्या ठोक्याला थाप पडायला लागली. तिकडं गाण्यात एरवी जोर दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर, यानं तो पहिल्यावर आणला आणि गिटार, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) सगळ्यांना ड्रमसारखं तुटक वाजवायला लावलं. त्यातला ड्रमर क्लाईड स्टबलफिल्ड, त्याचाच १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधला तुकडा पुढं हिपहॉपवाल्यांनी किती गाण्यांत उचलला त्याला गणती नाही, आणि त्या पठ्ठ्याचं नाव गाण्याच्या श्रेयात नाहीच. ब्राऊन मालक म्हणून अवघडच होता, सूर चुकला दंड, बुटाला पॉलिश नाही दंड. १९७० ला बँडच त्याला सोडून गेला तर त्यानं सिनसिनाटी शहरातली पोरं आणून उभी केली, त्यात बास गिटारवाला बूट्सी कॉलिन्स. बायकांना मारहाणीच्या केसेस पण झाल्यात त्याच्यावर, गाणं कितीही भारी असलं तरी ते झाकायचं कारण नाही.

माल म्हणाल तर आवाज स्वच्छ, खरखर नाही, पण पॅकिंग भंगार, कव्हरचा कोपरा दुमडून आला आणि सेलरनं मेसेजला उत्तर पण दिलं नाही. एक स्टार तिथं कापला, बाकी चार. आपल्याकडच्या पावसात कव्हरला बुरशी धरते, त्यामुळं रेकॉर्ड उभीच ठेवा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि हो, १९६८ ला 'व्हॉल्यूम २' म्हणून अपोलोचीच दुसरी रेकॉर्ड आलीय, ती वेगळी. ऑर्डर टाकताना १९६३ चीच आहे का ते बघून घ्या.